आटणीची सूट

सोमवारी उद्यमनगर बंद.
लेथ गप्प, भट्टी गार.
अण्णांच्या पॅटर्न शॉपमध्ये
सागवानाच्या भुशात पाय रोवून
मी बेडूक उतरवत बसते.

बेडूक माझा नाही.
कुठल्याशा बर्फाळ गावातल्या एकानं तो केला,
हातात कंदील दिला, विहिरीत सोडला,
आणि सगळा कोड उघड्यावर ठेवून लिहिलं:
घ्या, मोडा, जोडा, पुढं द्या,
फक्त झाकून ठेवू नका.
मग दोनशे अकरा जणांचे हात लागले.
कुणी पाणी केलं,
कुणी नुसता पाण्याचा आवाज.

कॉम्प्युटरवर तो मजेत होता.
पण लक्ष्मीपुरीत झुबेरच्या दुकानात
भंगारातनं एक कन्सोल आला,
एका कंट्रोलरचं बटण झिजून गुळगुळीत.
झुबेर म्हणाला, बघ की,
ह्यात बसतंय का तुझं बेंडूक.

बसत नव्हतं.
मेमरी चौसष्ट, विहीरच नव्वदची.
शेवाळ खरवडलं.
दगड सोळा तऱ्हेचे होते, पाच ठेवले.
काजव्यांपाशी हात अडला.
कुणीतरी एकेक काजवा वेगळा लुकलुकवला होता,
कुणाला दिसणार होतं, तरी.
काजवे ठेवले. आभाळ काढलं.
विहिरीतून तसंही ते रुपयाएवढंच.

इथं माऊस नाही.
डाव्या अंगठ्यानं चालायचं,
उजव्यानं उजेड धरायचा.

पहिल्यांदा चालू केलं तर पडदा जांभळा
आणि बेडकाला जीव किती?
एक हवा होता.
एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा.
तीन रात्री शोधलं.
यंत्र आकडे दुसऱ्या टोकाकडनं वाचत होतं.

अण्णा चहा घेऊन मागं उभे.
कोड त्यांना कळत नाही.
"वाळूत अक्षर उलटंच पडतंय," म्हणाले,
"ओतलं की सुलटं. पॅटर्नला शिव्या देऊ नको."
आणि खिशातली पट्टी काढून ठेवली,
त्यांची, शंभराला एक जास्त मोजणारी.
"बीड गार होताना आटतं.
कशात ओतायचंय, त्याची खोड आधी बघायची."

कंपनीलाही मी लिहून पाहिलं होतं,
तुमच्या दुकानात रीतसर ठेवता येईल का.
उत्तरात कागद आला:
आमच्या साधनांबद्दल कुणालाही काही सांगणार नाही, सही करा.
बेडकाचा कागद म्हणतो, सगळं सांगा.
दोन्ही भुशावर शेजारी ठेवले,
वर अण्णांचा पटाशीचा दगड.
सही राहिली ती राहिलीच.
कन्सोल आपला, स्क्रूही आपले,
झुबेरनं मागनं उघडला.

पेठेतल्या तालमीत जुना डबडा टीव्ही आहे.
मॅच हरून आलेली पोरं,
गुडघ्यावर चिखल, कुणी कुणाशी बोलेना.
त्यातला इंद्रजित कंट्रोलर घेऊन बसला
आणि सातव्या पायरीवर आठ वेळा मेला.
नवव्यांदा कंदील वर धरला
तेव्हा काजवे लागले, एकेक, वेगवेगळे,
आणि मागनं कुणीतरी हळूच म्हणालं, नाद खुळा.

"ताई, ह्यो केला कुणी?"
मी नावं लावली.
टीव्हीनं दोन्ही कडा खाल्लेल्या.
कुणाचं पहिलं अक्षर भिंतीत,
कुणाचं आडनाव लाकडात.
पोरं जेवायला गेली. मी बसले,
नावं आत ओढत, बोटभर, मग अर्धं बोट,
दोनशे अकरा पुरती मावेपर्यंत.

खाली दोन वाढवली.
झुबेर मुजावर, डाग देणे.
श्रीपती सुतार, आटणी.

बर्फाळ गावातून विचारणा आली,
शेवटचं काम काय, नीट कळलं नाही.
मी पट्टीचा फोटो काढला,
शेजारी साधी पट्टी ठेवून,
आणि पाठवून दिला.